पंख्याजवळची खुर्ची

"आज उठवत नाही जाऊबाई," धाकटी अंथरुणातूनच म्हणाली. "डोकं फार ठणकतंय."

"तुझं डोकं नेहमीच ठणकतं," वेणी घालता घालता थोरली म्हणाली. "पड तू. घरचं, दारचं सगळं उरकायला मी आहेच."

धाकटी कोपरावर रेलून उठली. "एक ऐकाल? माझ्या जागेवर बसू नका हं. राहू दे रिकामी."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अंथरूण सोडवत नाही, पण जीव खुर्चीत! तिने जेवणाचा डबा उचलला.

दोघी एकाच कारखान्यात बुटांना तळ चिकटवायच्या. लांबलचक खोली, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंतीत बसवलेला मोठा पंखा, आणि मध्ये ओळीने टेबलं. प्रत्येक टेबलावर रसायनी खळीचा उघडा डबा. त्या खळीचा गोडसर उग्र वास कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा चिकटायचा. खोलीत वारा म्हणून काय तो एकाच खुर्चीला होता, पंख्यालगतच्या.

तिथे बसणारी म्हातारी काम सोडून गेली, तेव्हा थोरलीने मनात ती खुर्ची आपलीच धरली होती. कामावर जुनी ती, वयाने मोठी ती. शिवाय तिला खोकल्याचा जुना त्रास. पण सकाळी जाऊन पाहते तर धाकटी तिथे बसून ब्रश धुतेय! मागून आली आणि थेट वाऱ्याला जाऊन बसली. त्या दिवसापासून धाकटीचे भुरभुरणारे केस थोरलीच्या डोळ्यांत कुसळासारखे खुपत होते. घरी आल्यावर ती जेवण अर्धं टाकून आडवी व्हायची, तेव्हा थोरली भांडी जरा जास्तच आपटायची.

आज ती सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली.

"अगंबाई, गादीवर नवी राणी!" शेजारच्या टेबलावरची हसली. "जुनीला कळलं तर?"

"कळू दे. मी काय चोरून बसलेय?"

पंखा घरघरत होता. कानामागे गार झुळूक लागली आणि थोरलीने डोळे मिटून घेतले. काय सुख भोगत होती ही बया! वास जरा जास्त वाटला. डबा आत्ताच उघडलाय म्हणून असेल. दुपारपर्यंत तर तोही जाणवेना. डोकं कसं पिसासारखं हलकं झालं होतं. आता ही खुर्ची सोडायची नाही, तिने ठरवून टाकलं. मुकादमालाच सांगायचं, आणि तेही सगळ्यांदेखत.

मुकादम आला, पण एकटा नव्हता. सोबत कारखान्यांची हवा तपासणारा साहेब होता. त्याने दाराशी एक नळी पेटवली. पांढऱ्या धुराची रेघ निघाली, पहिल्या टेबलावरून सरकली, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. धूर साऱ्या खोलीभर वाहत आला, थोरलीच्या तोंडावरून गेला आणि पंख्यातून बाहेर पडला. तिला ठसका लागला.

"पाहिलंत?" साहेब मुकादमाला म्हणाला. "प्रत्येक टेबलाला वेगळी ओढ हवी, वास जागच्या जागी खेचणारी. इथे सगळ्या डब्यांची वाफ या एका बाईच्या नाकासमोरून बाहेर जाते. कोण बसतं इथे?"

"हिची जाऊ," मुकादम पुटपुटला.

"आधी हे टेबल हलवा." साहेब फणकाऱ्याने पुढे गेला.

थोरली खोकत उभी राहिली. डोकं गरगरलं, तशी तिने टेबल धरलं. तरी मनातली गोष्ट ओठांवर आलीच.

"टेबल कुठेही हलवा मुकादम, पण एवढं सांगा. मी जुनी असताना ही जागा तिला का दिलीत?"

मुकादमाने मान खाली घातली.

"तुमच्याच नावाने ठरली होती, बाई. पण तुमची जाऊ आजारी म्हातारीला घरी भेटून आली आणि माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. म्हणाली, 'आमच्या जाऊबाईंची छाती आधीच दुबळी आहे. त्यांना कळू देऊ नका, पण तिथे मला बसवा.'"