बासष्टावा भाग

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटर उघडल्यावर एवेलियोला कळलं, की बायकोचा, मिग्दालियाचा आवाज त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला आहे.

एकाच तुर्की मालिकेचे दोन फोल्डर होते. एक नुसता, पडद्यावर खाली स्पॅनिश भाषांतराच्या ओळी असलेला. दुसऱ्यात त्या ओळी मिग्दालियाने मोठ्याने वाचून रेकॉर्ड केल्या होत्या. शेजारच्या ओब्दुलियाबाईंना मोतीबिंदूमुळे पडद्यावरची अक्षरं दिसत नसत, म्हणून. रोज दुपारी ती हेडफोन लावून बसायची आणि नायिका, सासू, खलनायक, पोलीस, सगळ्यांचे आवाज एकटी काढायची. मग एवेलियो तो भाग पेन ड्राइव्हवर घालून ओब्दुलियाबाईंच्या टीव्हीजवळच्या सेट-टॉप डब्याला लावून यायचा. पेन ड्राइव्ह एकच. भाग बघून झाला की पुसायचा, पुढचा भरायचा. बहात्तरांपैकी एकसष्ट भाग झाले आणि मिग्दालिया गेली. त्याला आता आठ महिने झाले.

एवढ्या दिवसांत त्याने तिच्या आवाजाचा फोल्डर उघडला नव्हता. धीर झाला नव्हता. आज ओब्दुलियाबाईंचा वाढदिवस, म्हणून पहिला भाग त्यांना पुन्हा नेऊन द्यावा असं त्याने ठरवलं. फोल्डर उघडला, तर माणसं तुर्कीत बोलायला लागली. दुसरा फोल्डर नव्हताच. रविवारी नव्या मालासाठी जागा करताना त्याने तो उडवला होता. बघितलेलं जातं, नवं येतं. गल्लीत सगळ्यांच्या घरी हीच रीत.

सकाळपासूनच दिवस विचित्र होता. पावाच्या रांगेत त्याने नेहमीसारखं विचारलं, “शेवटचं कोण?” पुढची अनोळखी बाई चटकन वळली आणि हसली. “कॉफी मिळाली का हो?” असं तिसऱ्यांदा झालं होतं. एकदा बसमध्ये, एकदा दवाखान्यात. बायको गेलेल्या माणसाला लोक कॉफीचं का विचारतात, ते त्याला कळत नव्हतं.

एवढ्यात युस्लेदीची सायकल दाराशी थांबली. दर मंगळवारी ती हार्ड डिस्क घेऊन यायची आणि आठवड्याभराच्या मालिका, सिनेमे, गाणी घरोघरी उतरवून द्यायची.

“काका, सरका. दहाला वीज जाणार आहे. हे काय, तोंड असं का केलंय?”

त्याने सांगितलं. युस्लेदी खुर्चीत बसली.

“सगळे एकसष्ट?”

“सगळे.”

तिने तोंडावर हात ठेवला. ती रडणार असं त्याला वाटलं. पण ती हसू दाबत होती.

“आधी कबूल करा, ओरडणार नाही.”

“बोल.”

“गेल्या वर्षी मी तो फोल्डर इथून कॉपी करून नेला. न विचारता. मला वाटलं, कुठल्यातरी स्टुडिओत आवाज भरलेत. या काकू आहेत याचा आठव्या भागापर्यंत पत्ताच लागला नाही. आठव्यात तुम्ही आलात.”

“मी? मालिकेत?”

तिने डिस्क जोडली, आठवा भाग पेन ड्राइव्हवर घेतला आणि पेन ड्राइव्ह त्याच्या डब्याला लावला. टीव्हीवर धक्क्यावर जहाजमालक रक्तात पडला होता. मुलगी त्याला मिठी मारून मिग्दालियाच्या आवाजात आक्रोश करत होती, “बाबा, डोळे उघडा! बाबा!” आणि मागून एवेलियोचा स्वतःचा आवाज आला, खणखणीत:

“मिग्दालिया, कॉफी झाली का?”

मुलीने आक्रोशाचा सूर जराही खाली न आणता उत्तर दिलं, “थांब रे मेल्या, इथे माणूस मरतोय!”

एवेलियो हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “परत लाव,” तो म्हणाला. तिने परत लावलं. मग आणखी एकदा.

“माझ्या डिस्कवरून तो दुसऱ्यांच्या डिस्कवर गेला,” युस्लेदी म्हणाली. “अर्धं कामाग्वे शहर बघतंय. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, सगळे. लोक तुम्हाला आवाजावरून ओळखतात, काका.”

पावाच्या रांगेतली बाई त्याच्या डोळ्यांसमोर आली.

युस्लेदीने एकसष्ट भाग त्याच्या कॉम्प्युटरवर परत उतरवले. मग नुसत्या फोल्डरकडे बोट दाखवून म्हणाली, “आणि हा ठेवलात ते फार बरं झालं. माझ्याकडचा कधीच उडवला मी. माझ्या ओळखीच्यांतही कुणाकडे राहिला नाही. शेवटचे अकरा भाग आता तुमच्याकडेच आहेत. दर आठवड्याला शिव्या खाते मी, पुढे काय झालं ते सांग म्हणून.”

“मी पण देणार होते,” दारातून ओब्दुलियाबाई म्हणाल्या. मिग्दालियाचा आवाज ऐकून त्या भिंत चाचपत आल्या होत्या. “आठ महिने गप्प बसले, एवेलियो. म्हटलं, तुझ्या तोंडून विषय निघू दे. बासष्टावा भाग कधी?”

“मी वाचू? बाई, माझा आवाज ऐकलात ना आत्ता?”

“ऐकला. बिघडलेला पंखा आहे. सासूला शोभेल.”

“आणि नायिकेला?”

“नायिकेला सर्दी झालीय असं समजू.”

एवेलियोने खणातून मिग्दालियाचे हेडफोन काढले. फडक्याने पुसून कानांवर चढवले. बासष्टावा भाग शोधला, घसा खाकरला, आणि सवयीने विचारलं, “कॉफी कोण करतंय?”

“मी करते,” ओब्दुलियाबाई स्वयंपाकघराकडे वळत म्हणाल्या. “झाली की मधेच ओरडीन.”

पडदा काळा झाला. दहा वाजले होते. वीज दुपारी दोनला येणार होती. अकरा भाग वाचायचे राहिले होते.