वालाची पिशवी

"ये गो, बस. दोन हात लागले की लवकर व्हईल," म्हणत ठमाबाईने भिजवलेल्या वालांचं पातेलं पुढे सरकवलं आणि धोंडुबाईने फतकल मारली. बिरडं सोलायला शेजारीण बोलावते तेव्हा नाही म्हणायचं नसतं. आणि धोंडुबाई तर आज मुद्दाम वाट वाकडी करूनच आली होती.

ठमाचा नवरा काळुराम डोलवीला ठेकेदाराकडे कामाला होता. पावसात मोटरसायकल घसरून त्याचा पाय मोडला आणि घरात येणारी मजुरी थांबली. पेणच्या धान्य बँकेत गरजूंच्या यादीत ठमाचं नाव धोंडुबाईनेच घातलं होतं. गावातून घरोघर फिरून धान्य गोळा करायचं आणि पेणला पोचवायचं कामही तिचंच. काल बँकेची गोणी ठमाच्या दारात उतरली होती. आपल्यामुळे एका घरची चूल पेटली, हे डोळ्यांनी बघायला कोणाला आवडत नाही?

तिने पहिला वाल चिमटीत धरून दाबला. साल सुटलं, पण आतून नुसतं भोक निघालं. दुसरा अर्धा काळा. तिसरा बरा होता.

"बघून घे गो, भुंगा लागलाय," ठमा म्हणाली. "निम्मे तर भिजत घातले तेव्हाच तरंगले. कोंबड्यांना टाकले."

"बँकेतनं आलेले?" धोंडुबाईने विचारलं आणि मान वर केली.

समोर दांडीवर एक पिशवी वाळत होती. उशीच्या जुन्या अभ्र्याची, तोंडाला हिरवी नाडी. ती नाडी धोंडुबाईच्याच परकराची होती.

तिच्या घरी माळ्यावर वालाचे दोन डबे होते, एक गेल्या साली भरलेला आणि एक यंदाचा. पेणला माल पाठवायच्या दिवशी तिचा हात जुन्या डब्याकडे गेला. तिने वाल पाखडून भुगा उडवला, पिशवीत भरले आणि बरे दिसावेत म्हणून वर मूठभर नवे पसरले. भुकेलेला माणूस काय दाणा दाणा उलटून बघतो, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता ती स्वतःच दाणा दाणा उलटून बघत होती.

आणि त्याच सकाळी तिने अख्ख्या आळीला शहाणपण शिकवलं होतं, "देताना आपण खाऊ तसं द्या गो." पलीकडच्या घरातल्या सकीनाने तर ते ऐकून ईदसाठी ठेवलेला बारीक तांदूळ काढून दिला होता. ते आठवलं आणि धोंडुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतल्या खोलीतून काळुरामने हाक मारली, "झालं काय गो? आज वास नाय आला अजून."

"व्हतंय, धीर धरा जरा," ठमा हसून म्हणाली. आज बऱ्याच दिवसांनी बिरडं होणार होतं, म्हणून तो सकाळपासून विचारत होता.

सालांचा ढीग वाढत गेला. ताटातल्या डाळिंब्यांनी तळसुद्धा धड झाकला नव्हता.

"ठमा..."

"काय?"

सांगावं, आत्ताच सांगून मोकळं व्हावं, असं तिच्या ओठापर्यंत आलं. पण तोंडातून निघालं भलतंच. "काय बाई तरी. असले वाल द्यायला लाज कशी नाय वाटली तिला?"

ठमाचे हात थांबले. "असं नको बोलू गो. तिच्या घरात पण हेच आसतील. बिचारीनं त्यातले दिले. मी दिले आसते काय? मला नाय वाटत."

धोंडुबाईच्या हातातला वाल कुचका होता, तरी ती तो दाबत राहिली.

सोलून झाल्यावर ठमाने हात पुसले, दांडीवरची पिशवी काढली आणि कोपऱ्यातली एक लहानशी पुडी तिच्यात सोडून नाडी आवळली. "पेणला जाशील तेव्हा एवढी नेऊन दे. त्यांना ठावं आसंल कोणाची ती. पिशवी लागंल तिला."

पिशवी हातात घेताना आत दाणे वाजले. "ह्यात काय घातलंस?"

"रिकामी कशी पाठवायची? वर मूठभर वाल चांगले निघाले, नवे वाटत हुते. ते भिजवले नाय मी. तिला पेरायला तरी व्हतील."

धोंडुबाई उठली. पिशवीचं वजन काहीच नव्हतं, पण ती तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. अंगण ओलांडून ती फाटकापाशी आली तोच मागून ठमाची हाक आली.

"आन ऐक गो. बँकेत तुझं ऐकतात, तर जमलं तर त्या बाईचं पण नाव घाल."