हुंकार

एकोडीच्या मंदाबाईचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तरी ती चुलीपाशी काही बोलली की मागून त्याचा "हं" यायचाच.

समुपदेशक रत्नमालाताईंनी साकोलीतल्या आपल्या खोलीत तिच्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली. "ते इथं बसलेत असं समजा, आणि मनातलं सगळं बोला." हा त्यांचा नेहमीचा उपाय. दुःखाला कान मिळाला की ते शांत होतं, असं त्या सगळ्यांनाच सांगत.

मंदाबाई पोटभर रडली. जाताना खुर्चीला म्हणाली, "तुमी आता इथंच बसा जी. घरी नका येऊ."

पुढच्या खेपेला ती हसतच आली. "ताई, आता मले घरी कोणी हुंकार देत नाही."

ताईंना बरं वाटलं. खुर्ची मात्र त्यांनी उचलून ठेवली नाही.

त्याच दुपारी टीना आली. नर्सिंगला शिकणारी ही मुलगी महिनाभर नुसती मुकी बसून जायची. आज ती बसल्या बसल्या बोलू लागली. ताई अवाक्षर न काढता ऐकत राहिल्या.

आणि टीनाच्या प्रत्येक वाक्यामागून "हं" येऊ लागला. जाडाभरडा, पुरुषी.

ताईंनी दचकून वर पाहिलं. टीनाची मान केव्हाच रिकाम्या खुर्चीकडं वळली होती.

"टीना, बस कर बाळा. आपण बाहेर जाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या.

टीनानं वळूनही पाहिलं नाही.

"मॅडम, तुम्ही मधात नका बोलू जी," ती म्हणाली. "ते ऐकून राहिले."