आमेनची जागा

सास्तूरच्या शाळेत बदलून आलेल्या रूबेन झिराडकर सरांचे वडील गेले. बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मुलानं गेलेल्या बापासाठी रोज कादीश म्हणायचा असतो; ती मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. पण त्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात, आणि इथं त्यांच्या समाजाचे ते एकटेच. म्हणून दिवेलागणीला सर वडिलांच्या पेटीवर नुसती चाल वाजवायचे. जिथं मंडळींनी ‘आमेन’ म्हणायचं, तिथं हात थांबवायचे.

एकदा घरमालकीण गजराबाई म्हणाल्या, “सर, तुमचे पाव्हणे लई हळू म्हणत्यात. आमेन का काय ते.”

“कुठले पाहुणे, मावशी? मी एकटाच असतो की.”

“आता गं बाई! रोज ऐकते की म्या भिंतीपलीकडून.”

म्हातारीला भास होत असेल, अशी सरांनी मनाची समजूत घातली. तरी त्या संध्याकाळी पेटीला हात लावायचा धीर होईना. खोलीला कुलूप घालून ते गजराबाईंच्या ओट्यावर येऊन बसले.

दिवे लागले, आणि बंद खोलीतून हलकेच ‘आमेन’ आलं. मग चालीच्या एका ओळीइतकंच थांबून पुन्हा.

गजराबाईंच्या हातातलं सूप थबकलं. “सर, तुमी तर हितं. मग आत कोण हाय?”

आता मधले शब्दही ऐकू येऊ लागले. तीच चाल, तोच जरासा कापरा आवाज. वडिलांचा.

पण वडील कुणासाठी म्हणतायत? त्यांना माझ्याशिवाय दुसरं होतं कोण?

आवाज थांबला. आत सगळे वाट बघत असल्यासारखे गप्प राहिले.

आणि जन्माच्या सवयीनं सरांच्या तोंडून निघून गेलं, “आमेन.”