सोमवारचे मौन

"चपला इथंच काढायच्या. हसणं-खिदळणं घरी जाऊन."

अक्कासाहेबांनी असे बजावताच भैरवीबाई आणि त्यांच्या शाळेतल्या शिक्षिकांचा घोळका एकदम गप्प झाला.

राधानगरीच्या वाटेवरच्या त्या मळ्यामागे अक्कासाहेबांची जुनी राई होती. राईत बेडूकमुखी पक्ष्याने ठाण मांडले होते. वाळक्या पानाच्या रंगाचे, बेडकासारख्या रुंद तोंडाचे ते दुर्मीळ पाखरू दिवसभर फांदीला चिकटून बसे आणि दिवेलागणीला तेवढे बोले. त्याच्यासाठी माणसे लांबून येत. पण मचाणापुढे पाऊल टाकण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

चिरंजीव विजयसिंहांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा अक्कासाहेबांनी एकच अट घातली होती. "पाखरू आहे तोवर पाहुणे. पाखरू गेलं, की फाटकाला कुलूप."

विजयसिंह तेव्हा हसले होते. "आईसाहेब, पाखराला कळतंय होय, कोण चपला घालून आलंय ते?"

आता मात्र ते आईपेक्षाही कडक झाले होते. दिवाळीनंतर एकदा अक्कासाहेब स्वतःच राईत निघाल्या, तर विजयसिंह हात जोडून वाटेत उभे राहिले. "नियम आपलाच आहे, आईसाहेब. आपण तरी मोडू नये."

अक्कासाहेब मागे फिरल्या. पोटचे पोर शहाणे झाले, हे सुख त्यांना पाखराच्या दर्शनाहून मोठे वाटले.

राखणदार पिराजी भैरवीबाईंच्या कानाशी लागला होता. "नशीबवान हायसा, बाई. काल आला असतासा तर मुकला असतासा. सोमवारी बोलत न्हाय ते."

"का बरं?"

"मौन असतंय की त्याचं! अक्कासाहेबांचा उपास, पाखराचं मौन."

अक्कासाहेब गालात हसल्या. सोमवारी वीज जाई, ती रात्री उशिरा येई. मळ्यात पंखा नाही, मोटर नाही, पिठाची चक्की नाही. अशा शांत दिवशी पाखरानेही व्रत धरावे, हे त्यांना आपल्या घराला शोभेसेच वाटे.

दुर्बीण हातोहात फिरली.

"दिसलं का?" विजयसिंहांनी विचारले.

"एक वाळकं पान दिसतंय."

"तेच ते. बोट दाखवू नका, बाई. मुक्या जिवाला त्रास होतो."

त्या वाक्याने अक्कासाहेबांचा ऊर भरून आला. त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि सर्वांदेखत लेकाच्या हातावर ठेवली. "आजपासून राई तुमची. माझ्यामागे हिला कोण जपणार, हा घोर मिटला. हा माझा शब्द."

अक्कासाहेबांनी दिलेला शब्द आजवर कधी मागे घेतला नव्हता.

विजयसिंह पाया पडले. शिक्षिकांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि नियम आठवून तसेच खाली घेतले.

तेवढ्यात राईतून पाखरू बोलले. खरखरीत, एक-एक पायरी उतरत जाणारे, हसल्यासारखे. सर्वांनी श्वास रोखले.

अक्कासाहेबांच्या डोळ्यांत मात्र मचाणालगतच्या मोटरघरातला दिवा खुपला. त्याचा उजेड थेट राईवर पडला होता. पाखराचे डोळे दिपतील! पिराजीला हाक मारावी, तर पाखरू बुजेल. त्या स्वतःच अनवाणी, पाऊल न वाजवता आत गेल्या. इतक्या बटणांत दिव्याचे कोणते, हे कळेना; म्हणून त्यांनी मुख्य खटकाच खाली ओढला.

दिवा गेला. पाखरू अर्ध्या हसण्यावर थांबले.

मचाणावरून विजयसिंहांची कुजबूज आली. "शू! कोणी तरी हललं. बुजलं बघा बिचारं."

अंधारात अक्कासाहेबांचा हात कमरेशी गेला; किल्ली तिथे नव्हती. मग त्यांनी हात उचलून खटका पुन्हा वर केला.

राईतले पाखरू पहिल्यापासून हसू लागले.