तपासनिसाने पास केलेला माल

"हे घ्या तुमचं अमृत!"

मुख्याध्यापिकाबाईंनी पिशवी काउंटरवर अशी आपटली की तिचं तोंड सुटलं आणि कुत्र्याचं खाणं दुकानभर घरंगळलं.

"रोज संध्याकाळी वाटी भरतेय आणि रोज तशीच उचलतेय. गुंड्या तोंड लावायला तयार नाही. काय कालवता हो यात? भुसा?"

दुकानदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भुसा! इतकी वर्षं तो जे करत आला, त्याला ही बाई भुसा म्हणत होती.

"बाई, समोरच्या मोठ्या दुकानात जा. चकचकीत पाकीट मिळेल, त्यावर गुबगुबीत कुत्र्याचा फोटो. पैसे त्या फोटोचे. मागे बारीक अक्षरात वाचा, पहिलं नाव मक्याचं असतं. माझ्याकडे पहिलं मांस, मग तांदूळ, मग भाजी. रंग नाही, वरून मारलेला वास नाही. म्हणून स्वस्त आहे. खराब आहे म्हणून नाही!"

"मग खात का नाही तो?"

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणतात, काही झालेलं नाही. म्हणजे खोट खाण्यातच, नाही का? गळ्यात पट्टा बांधला तर पुरळ उठतं, तेही यानंच असणार."

"सकाळी खातो का?"

"सकाळी तो फक्त दूध पितो, पहिल्यापासून. जेवण संध्याकाळी, माझ्या हातचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो शिवत नाही." इथे बाईंचा आवाज जरासा हलला, पण त्यांनी तो लगेच आवरला. शाळेत पोरं चळाचळा कापायची ती याच आवाजाला. "यांच्यामागे मला तोच आहे. तो गेला, तर घरात मी बोलू कुणाशी? मी गप्प बसणार नाही. घरोघरी सांगणार आहे."

आणि त्या सांगणार, यात शंका नव्हती. वसाहतीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. बाईंनी वाईट म्हटलं की संपलं. गेल्याच आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे न बघता समोरच्या दुकानात शिरली होती. ते कुणाचे उपकार, हे आता कळलं.

"उद्या संध्याकाळी आणा त्याला इथे," दुकानदार ओरडला. शेजारचा सलूनवाला हातात कात्री तशीच धरून दारात येऊन उभा राहिला. "चार माणसांदेखत वाटी ठेवतो. त्यानं नाही खाल्लं, तर दुकानाला कुलूप लावून टाकतो!"

"आणते. पट्टा नाही लागत त्याला, माझ्या पायात पायात येतो."

बाई गेल्यावर त्यानं झाडू घेतला आणि सांडलेलं झाडताना तोंडानं त्यांचा उद्धार चालू ठेवला. भुसा म्हणे! या दुकानातलं एकही पोतं तपासल्याशिवाय विकलं गेलं नव्हतं.

तपासायची त्याची रीतच होती. दुपारी मागच्या दाराशी एक भटका कुत्रा यायचा. दुकानदारानं त्याचं नाव ठेवलं होतं तपासनीस. नव्या पोत्यातली पहिली वाटी त्याची. वाटी चाटूनपुसून साफ झाली, तर माल पास. तपासनिसानं नाक मुरडलं, तर पोतं परत. एकदा माल बनवून देणाऱ्यानं शिळं मांस खपवायला बघितलं, ते या बहाद्दरानंच पकडलं होतं. गेले काही दिवस त्याची रोज एक वाटी ठरलेलीच झाली होती. खायचं आणि मागच्या रिकाम्या पोत्यावर ताणून द्यायची. पगार मागत नाही, लाच घेत नाही, असा माणूस शोधून सापडला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानदारानं कोरं पोतं फोडलं. आज अब्रूचा प्रश्न होता. त्यानं तपासनिसापुढे वाटी ठेवली. ती बघता बघता रिकामी झाली. खात्री करायला त्यानं दुसरी भरली. तीही गेली.

"शाबास!" त्यानं कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली. "ऐकव जा त्या बाईला!"

संध्याकाळी दुकानापुढे बघे जमले. नुसती मजा बघायला आलेलेही होते, आणि रोजची गिऱ्हाइकंही होती. दुकानदारानं त्याच पोत्यातली वाटी काठोकाठ भरून मध्यभागी ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. येऊ दे. आज बाईंना सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची, हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं.

बाई आल्या. ताठ मानेनं, कुणाकडे न बघता. आणि त्यांच्या पायात पायात तपासनीस आत आला.

वाटीला वळसा घालून तो सरळ मागे गेला आणि रिकाम्या पोत्यावर अंग टाकून पडला.

"बघा!" बाई कडाडल्या. "बघा सगळ्यांनी! नुसत्या वासानं कोपऱ्यात जाऊन पडला!"

सलूनवाल्याचे डोळे विस्फारले. "अहो बाई, पण हा तर इथं रोज..."

"तू गप्प बस!" दुकानदार असा खेकसला की सलूनवाला दोन पावलं मागे सरला. आयुष्यात इतका राग त्याला कुणाचाच आला नव्हता. त्या लबाडाचा, बाईंचा, स्वतःच्या हातानं भरलेल्या त्या दोन वाट्यांचा. एक वाक्य बोलायचं, की दुकान वाचत होतं.

तोवर बाई चारचौघांत फरशीवर बसल्या होत्या. वाटीतलं मूठभर खाणं तळहातावर घेऊन त्यांनी ते कुत्र्याच्या तोंडाशी धरलं होतं. "खा रे बाळा. दुसऱ्याचं नको, माझ्या हातचं तरी खा." कुत्र्यानं त्यांचं मनगट चाटलं आणि तोंड फिरवलं.

"तुमचंच खरं, बाई," दुकानदार दात आवळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माल खराब आहे माझा."