शिवणीतली पाकळी

"पडद्याला चोवीस तास एसी, आणि आपल्याला साधा चहा प्यायला बाहेर उन्हात जायचं," सुमेधा कानाशी पुटपुटली.

विभावरी हसली नाही. पुढ्यात पलंगाचा जुना भरतकामाचा पडदा होता, इंग्लंडमधल्या कुठल्याशा हवेलीतला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेला. सगळा पांढुरक्या फुलांनी भरलेला. "खालची शिवण उसवून ठेवा," एवढंच सांगून अरुण सर घाईत हमरिया बंदरावर कस्टममधून रेशीम सोडवायला गेले होते.

शिवण उसवली, तर आत दुमडलेल्या पाकळीवर पिवळं.

विभावरीने आपली बोटं पाहिली. सकाळी शेजारी हळदीकुंकू होतं. बोटं अजून पिवळी होती, आणि टाका सापडेना म्हणून ग्लोव्हज तिनेच काढले होते.

सुमेधानेही पाहिलं. दोघींनीही हळदच धरली.

नोकरी गेली की व्हिसा खलास. विभावरीची लेक मिहिका बारावीला, परीक्षा तोंडावर, आणि घरात कमावणारी ही एकटीच. "जस्ट डोन्ट लूज धिस जॉब, आई," पोरगी परवाच म्हणाली होती, चेष्टेत.

पाणी लावायची सोय नव्हती. जुने रंग फुटतात. उरलं ऊन. घरचे असले डाग उन्हातच उडतात, हे सुमेधाला सांगावं लागलं नाही. दोघींनी पडदा खिडकीशी नेला, बाकी सगळा काळ्या कापडाने झाकला, पाकळी तेवढी उघडी ठेवली. "जाईल, ताई, इन्शाल्ला," सुमेधा म्हणत राहिली.

दुपार कलेपर्यंत पाकळी इतर फुलांसारखी पांढुरकी झाली. विभावरी बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

अरुण सर आले ते हातातलं खोकं ठेवून थेट शिवणीपाशी. वाकून पाहिलं. भिंग घेऊन पाहिलं. कापड उलटं करून पाहिलं. पुन्हा भिंग लावलं. सुमेधा फरशीकडे बघत होती.

विभावरीला ते सहन होईना.

"सर, माझ्या हातची हळद लागली होती. उन्हात धरून घालवली."

अरुण सर खुर्चीत बसले. खोकं उघडून त्यांनी पिवळ्या रेशमाच्या लडी टेबलावर मांडल्या, फिक्यापासून गडदपर्यंत.

"हळद नव्हती ती, विभावरीताई. ही सगळीच फुलं मुळात पिवळी होती. तीनशे वर्षांत ऊन न लागलेली तेवढी एकच पाकळी उरली होती."